दहा मीटर एअर रायफल: नवख्याने साहित्य कोणत्या क्रमाने घ्यावे

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरातील जी मुले आणि जे पालक नेमबाजीची चौकशी करतात, त्यांपैकी काहींनी परदेशातील हौशी नेमबाज घरच्या टेबलावर मोठ्या रायफलची काडतुसे स्वतः भरताना पाहिलेले असतात, आणि आपल्यालाही तसे करता येईल का, त्यासाठी कोणती यंत्रे घ्यावीत, असे ते विचारतात. याचे उत्तर सुरुवातीलाच स्पष्ट द्यायला हवे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा तयार करता येत नाही, आणि उडवलेल्या पितळी काडतुसात पुन्हा दारू व गोळी भरणे हे दारूगोळा तयार करणेच आहे. घरात बंदुकीचा परवाना असला तरी तो बाळगण्याचा परवाना असतो, बनवण्याचा नव्हे. त्यामुळे या वाटेने आपल्याला जायचे नाही.

मात्र त्या प्रश्नामागची जिज्ञासा अगदी योग्य आहे. प्रत्येक नळीला एखादीच गोळी मानवते आणि ती शोधून काढणाऱ्याचा नेम सुधारतो, हे खरेच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारातील .२२ ची काडतुसे तर कोणालाच घरी भरता येत नाहीत, कारण त्यांचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि ती कड एकदा चेपली की काडतूस संपले. त्या पातळीवरचे नेमबाज कारखान्यात तयार झालेले वेगवेगळे लॉट, म्हणजे एकाच खेपेला बनलेल्या काडतुसांचे गट, आपल्याच नळीतून उडवून पाहतात आणि जो लॉट मानवतो तो साठवतात. नेमके हेच काम दहा मीटर एअर रायफलमध्ये आपल्याला सांगलीत बसून, कायद्याच्या चौकटीत आणि कमी खर्चात करता येते. हा लेख त्या एअर रायफलच्या साहित्याविषयी आहे, आणि त्यातला सर्वांत मोठा भाग छऱ्यांविषयी आहे, कारण नवख्यांचे दुर्लक्ष तिथेच सर्वाधिक होते.

पहिली पायरी: काही विकत न घेता तीन महिने

शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या एअर रायफलच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा नाही आणि जिची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नाही, तिला परवाना लागत नाही. स्पर्धेची दहा मीटर रायफल ४.५ मिलिमीटरचीच असते आणि तिची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे ती या मर्यादेत सहज बसते. परवाना लागत नाही याचा अर्थ ती खेळणे आहे असा मात्र अजिबात नाही, कारण दहा मीटरवरून आलेला छरा डोळा कायमचा घालवू शकतो. दुकानातून घेतानाची पावती आणि ओळखपत्राची प्रत रायफलच्या पेटीतच ठेवावी.

पण हे सगळे नंतर. आधी मान्यताप्राप्त रेंजवर प्रशिक्षकाच्या हाताखाली क्लबच्या रायफलवर निदान तीन महिने घालवावेत. सांगलीहून कोल्हापूर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्या शहराने तेजस्विनी सावंत यांच्यासारखी २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती ठरलेली नेमबाज दिली आहे. आठवड्यातून एकदा तिथे जाऊन चांगल्या नेमबाजांना उभे राहताना नुसते पाहणे हेसुद्धा साहित्य निवडण्याचे शिक्षण आहे. या तीन महिन्यांत आपल्याला ओपन साइट, म्हणजे उघड्या माशी-खाचेने, सुरुवात करायची की थेट पीप साइटवर, म्हणजे मागच्या बारीक छिद्रातून पाहून नेम धरण्यावर, जायचे, हेही ठरते. महाराष्ट्रातील स्पर्धांत दोन्ही गट असतात. माझे मत असे आहे की बारा वर्षांखालील मुलाने ओपन साइटवर एक वर्ष काढल्याने त्याचे नुकसान काहीच होत नाही, आणि पालकांचा मोठा खर्च योग्य वेळेपर्यंत लांबतो.

दुसरी पायरी: अंगावरचे साहित्य रायफलीच्या आधी

बहुतेक घरांत आधी रायफल येते आणि जॅकेट नंतर कधीतरी येते. हा क्रम उलटा हवा. रायफल क्लबची वापरता येते, पण दुसऱ्याच्या मापाचे जॅकेट आणि दुसऱ्याच्या पायाचे बूट घालून उभे राहण्याची सवय लागली की ती मोडायला वर्ष जाते.

कॅनव्हास आणि चामड्याच्या शूटिंग जॅकेटची व पँटची जाडी नियमानुसार एका पदरात २.५ मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये, आणि आधार देणाऱ्या हातातील हातमोज्याची एकूण जाडी १२ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. स्पर्धेपूर्वी साहित्य तपासणीत हे यंत्राने मोजले जाते, कापडाचा ताठपणाही मोजला जातो, आणि माप चुकले तर ते जॅकेट त्या दिवशी बाहेर ठेवावे लागते. आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवून घेण्याची पद्धत आहे आणि ती शहाणपणाची आहे, पण शूटिंग जॅकेटला ती लागू पडत नाही. सैल जॅकेटमध्ये पाठीला मिळायला हवा तो आधार मिळत नाही, आणि मुलगा तो आधार कंबर वाकवून, खांदा उचलून शोधू लागतो. माझ्या मुलीसाठी मी स्वतः ही चूक केली होती. दुकानदाराने दोन मापे मोठे जॅकेट सुचवले, मीही दोन वर्षे टिकेल म्हणून ते घेतले, आणि पुढचे आठ महिने तिच्या पाठीचे दुखणे कशामुळे आहे हे आम्हाला कळले नाही. वाढत्या वयाच्या मुलासाठी रेंजवरच्या मोठ्या मुलांकडून वापरलेले, पण आजच्या मापाचे जॅकेट घ्यावे आणि मापातून बाहेर पडले की पुढच्याला द्यावे, ही पद्धत मला सर्वांत योग्य वाटते.

बुटांचा तळ सपाट असावा आणि टाच हलू नये. हातमोजा स्वस्तातला चालतो, मात्र तो मनगटाच्या फार वर जाणारा नसावा.

तिसरी पायरी: रायफल

फायनलच्या दूरदर्शन प्रक्षेपणात दिसतात त्या वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ किंवा स्टायर या रायफली लाखांच्या घरातल्या आहेत, आणि त्या सर्वांच्या नळ्या नवख्याच्या हातापेक्षा कितीतरी जास्त अचूक आहेत. म्हणून त्यांच्यातील कोणती निवडावी हा प्रश्न पहिल्या दोन वर्षांत फारसा महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे आहे ते रायफल अंगाला बसणे. दस्त्याची लांबी, गालाच्या फळीची उंची, खांद्यावरच्या प्लेटचा कोन आणि ट्रिगरचे अंतर या चार गोष्टी किती बदलता येतात ते पाहावे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, डोके सहज सोडावे आणि मग डोळे उघडावेत. मान न हलवता मागच्या छिद्रातून पुढचे वर्तुळ मध्यभागी दिसत असेल तर ती रायफल आपल्या अंगाची आहे किंवा करता येण्याजोगी आहे. दिसत नसेल आणि फळी आणखी सरकतही नसेल, तर ती कितीही नामांकित असो, सोडून द्यावी.

नियमाने रायफल ५.५ किलोपर्यंत चालते. लहान चणीच्या तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात एवढे वजन देणे योग्य नाही, तिला चार किलोच्या आसपासची रायफल पुरते, आणि वजनाच्या चकत्या पुढे हळूहळू वाढवता येतात.

स्प्रिंगच्या रायफलीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्यात उडवण्याच्या क्षणी जड दट्ट्या पुढे धावतो, त्यामुळे छरा नळीत असतानाच सगळी रायफल हलते. ओपन साइटच्या सरावाला ती उपयोगी आहे आणि ट्रिगर दाबल्यानंतरही नेम धरून ठेवण्याची शिस्त ती चांगली लावते, पण खाली छऱ्यांच्या ज्या चाचणीचे वर्णन केले आहे, ती शिकंज्यातली चाचणी तिच्यावर भरवशाने करता येत नाही. त्यासाठी हवेच्या सिलिंडरची रायफल लागते.

वापरलेली रायफल घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. या सिलिंडरांचे आयुष्य दहा वर्षांचे धरले जाते आणि त्यानंतरचा सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीतही अडतो. नवा सिलिंडर परदेशातून मागवावा लागतो, त्यामुळे स्वस्त वाटलेला सौदा तिथेच महाग होतो.

चौथी पायरी: हवा

या पायरीवर मी जरा कठोरपणे लिहीत आहे. बहुतेक स्पर्धेच्या रायफलींचा सिलिंडर २०० बार दाबाचा असतो. तो भरण्याचे दोन मार्ग आहेत: हातपंप, किंवा पाणबुडे वापरतात तसा मोठा सिलिंडर आणि त्यावरील दाबमापक. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगसाठी ऑक्सिजनचे सिलिंडर सहज मिळतात, आणि हवाच तर भरायची आहे, मग तो का नको, असे मला एकापेक्षा जास्त पालकांनी विचारले आहे. ऑक्सिजन कधीही, कोणत्याही परिस्थितीत भरायचा नाही. रायफलच्या आत सील असतात, त्यांना ग्रीस असते, आणि दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन ग्रीसला लागला की ठिणगी नसतानाही स्फोट होऊ शकतो. ती रायफल त्या वेळी मुलाच्या गालाला लागलेली असते. फक्त श्वसनासाठी योग्य अशी कोरडी, गाळलेली हवा भरायची. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर या कामाचा नाही, कारण त्याचा दाब इथे लागणाऱ्या दाबाच्या जवळपासही पोचत नाही आणि त्याच्या हवेत तेल व पाणी असते.

मोठा सिलिंडर घेताना त्याच्या खांद्यावर कोरलेली दाबचाचणीची तारीख वाचावी आणि चाचणीची मुदत संपलेला सिलिंडर फुकट मिळाला तरी घेऊ नये. ३०० बारच्या साठ्यातून २०० बारचा सिलिंडर भरताना झडप अगदी हळू उघडावी आणि नजर काट्यावरून हलवू नये. घाईने भरले की हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर तो खाली येतो. म्हणून सावकाश भरणे सुरक्षित तर असतेच, शिवाय भरलेली हवाही पूर्ण मिळते.

हातपंपाने काम भागते, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जो दमटपणा असतो तो पंपाबरोबर आत जातो आणि आत पाणी होऊन बसतो. पावसाळ्यात पंप वापरायचाच असेल तर पन्नास-साठ दट्ट्यांनंतर थांबून त्याला थंड होऊ द्यावे, पाणी सोडण्याची झडप उघडावी आणि मगच पुढे भरावे. एप्रिल-मे महिन्यात भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये.

पाचवी पायरी: छरे

आता मुख्य विषयाकडे येतो. स्पर्धेचा छरा डमरूच्या आकाराचा असतो: पुढे सपाट डोके, मध्ये बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर. सपाट डोक्यामुळे कागदाला स्वच्छ गोल भोक पडते आणि गुण मोजता येतात. हवेच्या दाबाने मागचा घेर किंचित फुलून नळीच्या आतल्या आट्यांना, म्हणजे पिळाच्या खाचांना, चिकटतो, आणि म्हणून घेराला चिमटा बसलेला छरा सरळ जात नाही. रायफलच्या छऱ्याचे वजन साधारण ०.५३ ग्रॅम असते. डब्यावर ४.४९, ४.५० किंवा ४.५१ असा आकडा छापलेला असतो, तो डोक्याचा व्यास आहे.

या आकड्यांतील फरक दहा मायक्रॉनचा आहे. कुपवाडच्या लेथवर काम करणाऱ्या कोणालाही दहा मायक्रॉन म्हणजे काय ते सांगावे लागत नाही, पण छऱ्याला मायक्रोमीटर लावून तो मोजू नये, कारण शिसे इतके मऊ असते की मोजतानाच ते दबते. तासगावचा बागायतदार निर्यातीची द्राक्षे सोळा-अठरा मिलिमीटरच्या कड्यांतून पाहून वेगळी करतो, तशी आपणही एखादी चाळणी करावी असे वाटणे साहजिक आहे. मी तसे करून पाहिले आहे, सराफी काट्यावर एकेक छरा मिलिग्रॅमपर्यंत तोलूनही पाहिला आहे. चांगल्या डब्यातील छऱ्यांत त्याने फारसा फरक पडला नाही. फरक पडतो तो डबा बदलल्यावर, म्हणजे एका साच्यातून निघालेल्या एका लॉटऐवजी दुसरा लॉट घेतल्यावर. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीचा पृष्ठभाग थोडा थोडा घासून, तार छेडून, ऐकून ठरवतात आणि एका तंबोऱ्याचे माप दुसऱ्याला लावत नाहीत. नळी आणि छरा यांचेही तसेच आहे. मित्राच्या रायफलीत उत्तम चाललेला ४.५० चा लॉट आपल्या रायफलीत, ती त्याच कारखान्याची असली तरी, चालेलच असे नाही.

हा फरक किती मोठा असतो ते हिशेबाने पाहावे. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि वर्तुळे अडीच-अडीच मिलिमीटरच्या अंतराने असतात. गुण दशांशात मोजले जातात, त्यामुळे छरा केंद्रापासून पाव मिलिमीटर जास्त सरकला की ०.१ गुण जातो. ६० फेऱ्यांत प्रत्येकी ०.१ म्हणजे सहा गुण, आणि राज्य स्पर्धेत सहा गुणांच्या आत कितीतरी नावे वरखाली होतात. वाईट लॉटमुळे प्रत्येक वेळी छरा पाव मिलिमीटर बाहेर जातोच असे नाही, कधीकधी तो आतही येतो; पण ज्या मुलीचा नेम बरोबर होता तिला ९.८ दिसतो, तिला वाटते की चूक आपली आहे, आणि ती नसलेली चूक सुधारायला लागते. गुण गेल्यापेक्षा हे नुकसान मला जास्त मोठे वाटते.

चाचणी अशी करावी. रेंजवर, प्रशिक्षकाच्या परवानगीने, इतर कोणी नेम धरत नसताना, रायफल लाकडी किंवा चामडे लावलेल्या जबड्याच्या शिकंज्यात पक्की बसवावी. शिकंजा जड टेबलावर असावा आणि टेबल हलणारे नसावे. नळीला थेट आवळू नये, नळी ज्या भागात बसते त्याला धरावे. लॉट बदलला की पहिले पंधरा-वीस छरे मोजायचे नाहीत, कारण नळीवर आधीच्या शिशाचा थर असतो आणि नव्या छऱ्याला बसायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर त्याच जागी दहा छरे उडवावेत, कागद बदलून पुन्हा दहा. पडलेल्या भोकाच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचे सर्वांत मोठे अंतर व्हर्नियरने मोजावे आणि त्यातून छऱ्याचे ४.५ मिलिमीटर वजा करावेत. उरतो तो त्या लॉटचा खरा फैलाव. बाहेरचे माप साडेपाच ते सहा मिलिमीटरच्या दरम्यान आले तर लॉट ठेवण्यासारखा आहे. सातच्या पुढे गेले तर तो सरावालाच वापरावा. पाच-पाच छऱ्यांच्या गटावर विश्वास ठेवू नये, कारण पाचांत वाईट लॉटही कधीकधी सुंदर दिसतो. दोन्ही कागदांची मापे एकमेकांपासून फार वेगळी आली, तर दोष बहुधा शिकंज्यात किंवा भरण्याच्या हातात असतो, म्हणून तिसरा कागद काढावा.

एका दिवसात चार-पाच लॉटपेक्षा जास्त तपासू नयेत. विक्रेत्याकडून प्रत्येक लॉटचा एकेकच डबा आधी मागवावा, आणि चाचणी झाल्यावर त्याच लॉटचे आणखी डबे मिळतील का हे ठरवून घ्यावे, कारण नंतर तो लॉट बाजारात राहत नाही. किती घ्यावेत? स्पर्धेच्या ६० फेऱ्या, आधीचे सायटिंगचे, म्हणजे नेम जुळवण्याचे, छरे आणि फायनल धरून एका स्पर्धेला सव्वाशे छरे पुरतात. वर्षात पाच स्पर्धा म्हटल्या तर सहाशेच्या आसपास, आणि प्रत्येक स्पर्धेआधीच्या दोन आठवड्यांच्या सरावाला मिळून साधारण चोवीसशे. म्हणजे पाचशेचे सहा डबे. उरलेल्या वर्षभराच्या सरावाला त्याच वजनाचा साधा छरा चालतो.

घरातला सराव आणि सांभाळ

ज्यांच्या घरात दहा मीटरची सरळ मोकळी जागा आहे त्यांनी तिथे लक्ष्य लावताना मागे छरे अडवणारी लोखंडी पेटी ठेवावी, तिची आतली पत्र्याची पाठ खाली झुकलेली असावी म्हणजे छरा पेटीतच पडतो, आणि बाजूने कोणताही दरवाजा उघडत नसावा. गच्चीवर छरे उडवू नयेत, शेजारची गच्चीही तितकीच जवळ असते. छरा न भरता भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरण्याचा सराव मात्र कुठेही करता येतो, आणि रायफलीत त्यासाठीची सोय आहे का हे विकत घेतानाच विचारावे.

छरे शिशाचे असतात. हाताळल्यानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ नये, छरे तोंडात धरू नयेत, पेटीतले वापरलेले छरे केरात न टाकता बरणीत साठवून भंगारवाल्याला द्यावेत आणि ते काम मोठ्या माणसाने करावे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतील अनेक घरांत पाणी शिरले, आणि पाणी ओसरल्यावरही खोल्या कित्येक दिवस दमट राहिल्या. तशा दमटपणात शिशावर पांढरी भुकटी चढते आणि असे छरे नळीत घालण्याच्या लायकीचे राहत नाहीत. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी डबे वरच्या मजल्यावर, घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवावेत. नळीत तेल घालू नये. कोरड्या लोकरी बोळ्यांनी ती पुसावी, आणि पुसल्यानंतरचे पहिले पंधरा-वीस छरे चाचणीप्रमाणेच मोजणीबाहेर धरावेत.

प्रत्येक डब्याच्या तळाशी लॉटचा क्रमांक छापलेला असतो. तो, चाचणीची तारीख, रायफलचा क्रमांक आणि दोन्ही कागदांची मापे एका वहीत लिहावीत, आणि चाचणीचे कागद त्याच पानाला टाचून ठेवावेत.